सव्वाचार मिलिमीटर

भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही मराठी शिकवतो. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. जे घडले ते कोणत्याही महाविद्यालयात घडू शकते, आणि बहुतेक ठिकाणी घडून गेलेलेही असावे.

निबंधस्पर्धेच्या प्रमाणपत्रांवर नावे लिहिण्याचे काम पूर्वी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे असे. ते बोरू कापून, शाई ढवळून दोन दुपारी खाली मान घालून बसत, आणि एकही वेलांटी ठिपक्यांच्या ओळीबाहेर जात नसे. ते निवृत्त झाले आणि काम संगणकाकडे आले. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. यादीतले नाव उचलायचे आणि कागदाच्या डाव्या कडेपासून इतके मिलिमीटर, वरच्या कडेपासून इतके मिलिमीटर अशा ठिकाणी छापायचे, एवढेच त्याचे काम. शाळेत निर्देशक भूमिती शिकलेल्या कोणालाही समजेल असे. क्षाक्ष आणि यअक्ष यांऐवजी कागदाच्या दोन कडा, आणि आरंभबिंदूच्या जागी कागदाचा वरचा डावा कोपरा.

पडद्यावर नाव ठिपक्यांवर अगदी नेमके बसले. कागदावर मात्र ते खाली आणि उजवीकडे सरकले. पुन्हा छापले, पुन्हा तेवढेच सरकले. विद्यार्थ्याने शेवटी पट्टी लावून मोजले तेव्हा अंतर निघाले सव्वाचार मिलिमीटर. आडवेही तेवढेच, उभेही तेवढेच. हे अंतर दर खेपेला तेच येत होते, ही गोष्ट आम्हांला तेव्हा दिलासा देणारी वाटली नाही, पण त्याला वाटली. चूक जर शिस्तीने वागत असेल, तर तिला कारण असते, असे तो म्हणाला.

कारण साधे होते. छपाईयंत्राच्या रुळांना कागद कुठेतरी धरावा लागतो, म्हणून कडेचा एक अरुंद पट्टा त्याला छापता येत नाही. अनेक यंत्रांत हा पट्टा इंचाच्या एकषष्ठांशाइतका, म्हणजे सुमारे 4.23 मिलिमीटर असतो. प्रोग्राम शून्य मोजत होता कागदाच्या कोपऱ्यापासून. यंत्र शून्य मोजत होते आपल्याला जिथे छापता येते त्या भागाच्या कोपऱ्यापासून. पडद्यावरच्या कागदाला रूळच नसतात, म्हणून तिथे सगळे बरोबर दिसत होते. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, फक्त 'शून्य' या शब्दाचा अर्थ दोघांचा वेगळा होता. शब्दार्थाची भांडणे आम्हां साहित्याच्या लोकांना परिचित आहेत, पण ती शाईच्या रूपाने मोजता येतात हे आम्ही प्रथमच पाहिले.

हा घोळ एका प्रोग्रामचा नव्हे. छापण्याच्या प्रत्येक व्यवस्थेने आपले शून्य वेगळ्या जागी ठेवले आहे. पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत आणि तिच्यातून आलेल्या पीडीएफमध्ये शून्य कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि आकडे वर चढतात. विंडोजमध्ये ते वर असते आणि आकडे खाली उतरतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट व्यवस्थेच्या 2002 आणि 2003 च्या आवृत्त्यांत यंत्राचा कोरा पट्टा किती हे विचारण्याची थेट सोय नव्हती. जाणकार मागच्या दाराने विंडोजलाच ती विचारणा करीत, बाकीचे अंदाजाने एक आकडा वजा करीत. 2005 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सोय आली. तोवर अंदाजाचे आकडे हजारो ठिकाणी लिहिले जाऊन पक्के झाले होते. आमच्या विद्यार्थ्यानेही तेच केले. यंत्र इंचाला सहाशे ठिपके उमटवत असे. त्याने दोन्ही निर्देशकांतून शंभर ठिपके वजा केले. नाव जागेवर बसले. चहा झाला.

पुढे यंत्र बदलले. नव्या यंत्राचा कोरा पट्टा फारच अरुंद होता, पण प्रोग्राम जुन्या सवयीने शंभर ठिपके वजा करीतच राहिला. नावे आता डावीकडे आणि वर जाऊ लागली. विद्यार्थी तोवर नोकरीसाठी पुण्यास गेला होता आणि ते 'उणे शंभर' कशासाठी आहे हे त्याने कुठेही लिहून ठेवले नव्हते. ज्यांच्याकडे काम होते त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला. यादीतल्या प्रत्येक नावाच्या आधी त्यांनी सहा रिकाम्या जागा टाकल्या. नावे उजवीकडे सरकली. उभे अंतर राहिले, पण ते कोण पाहतो? प्रमाणपत्रे वाटली गेली, छायाचित्रे काढली गेली.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर या जिल्ह्यातील माणसे विसरणार नाहीत. अनेक घरांतले धान्य गेले, जनावरे गेली; कागद गेले हे दुःख त्यामानाने किरकोळ, आणि म्हणून ते पुष्कळ उशिरा बोलले गेले. काही महिन्यांनी आमची एक माजी विद्यार्थिनी प्रमाणपत्राची दुय्यम प्रत मागायला आली. तिला ते एका अर्जासोबत जोडायचे होते. यादीत तिचे नाव टाकून शोध घेतला. नोंद नाही. आडनाव आधी टाकून पाहिले, वडिलांचे नाव गाळून पाहिले. नोंद नाही. त्या टेबलामागून आलेल्या 'नोंद नाही' या दोन शब्दांत किती अधिकार असतो हे ज्याला ते ऐकावे लागले आहे त्यालाच कळते. मुलीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपणच काही चुकीचे सांगतो आहोत की काय, आपण स्पर्धेत बसलो होतो हे खरे ना, असा भाव होता. आम्हांला तो अधिक लागला, कारण तिचा निबंध आम्ही स्वतः तपासला होता.

शोधयंत्रणा पहिल्या अक्षरापासून हुबेहूब जुळणी पाहत होती, आणि तिच्या लेखी त्या मुलीच्या नावाचे पहिले अक्षर कोरे होते. दुसरे, तिसरे, सहावेही. आम्ही शेवटी यादी कागदावर काढून बोट फिरवत वाचली तेव्हा नाव सापडले.

त्या दिवसापासून या दोन तोडग्यांतला फरक आमच्या मनातून गेलेला नाही. विद्यार्थ्याचा तोडगा अर्धवट होता, त्याचे कारण लिहून ठेवलेले नव्हते, पण तो निदान योग्य जागी होता: दोष यंत्र आणि प्रोग्राम यांच्या सांध्यात होता, आणि दुरुस्तीही त्याने तिथेच केली होती. रिकाम्या जागांचा तोडगा मजकुरात होता. यंत्राचे खोट त्याने माणसाच्या नावात भरले. कागदावर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, आणि सगळी अडचण इथेच आहे.

आता मराठी मुद्रणाचा इतिहास या दृष्टीने पाहावा असे आम्हांला वाटते. देवनागरी लिपी ही निर्देशकांची लिपी आहे. रोमन अक्षरे एका ओळीत एकामागून एक उभी राहतात. आपल्याकडे मात्रा वर चढते, उकार खाली लोंबतो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येऊनही लिहिण्यात त्याच्या आधी उभी राहते. हाताने लिहिणाऱ्याला याचे काही वाटत नाही. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग छापले ते शिळाछापावर, म्हणजे हाताच्या अक्षराचीच ती प्रतिमा होती. अडचण सुरू झाली ती शिशाच्या खिळ्यांपासून. जुळाऱ्याला वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांचे वेगवेगळे खिळे अक्षरावर बेतून बसवावे लागत. खिळ्याच्या अंगाबाहेर आलेला मात्रेचा शेंडा दाबाखाली मोडे, आणि 'मेश्राम' चे 'मश्राम' होई. म्हणून मात्रेसकट अखंड अक्षरे ओतावीत, तर खिळ्यांची संख्या आणि केसची लांबी जुळाऱ्याच्या हाताच्या पल्ल्याबाहेर जाई. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या ओतशाळांनी, जावजी दादाजींच्या निर्णयसागरासह, या दोन टोकांमध्ये जी वाट काढली तिच्याइतकी देखणी तडजोड आम्हांला दुसरी माहीत नाही. सांगायचे ते एवढेच की ती तडजोड धातूत झाली. वाचकाच्या हाती आलेले अक्षर पोथीतल्या अक्षराशी इमान राखून होते.

विसाव्या शतकात टंकयंत्र आणि लायनोटाइप आले. लायनोटाइपच्या कळफलकावर कळा नव्वद. देवनागरीच्या केसमध्ये खिळे कित्येकशे. तेव्हापासून लिपीनेच आपले अंग आकसून घ्यावे असा विचार जोर धरू लागला. सावरकरांची 'अ'ची बाराखडी ही त्यातली सर्वांत पद्धतशीर सूचना; 'किर्लोस्कर' मासिकाने ती वर्षानुवर्षे छापून दाखवली. तिच्याशी मतभेद असू शकतात, पण ती उघड होती, तिला तत्त्व होते. 1953 मध्ये लखनौला भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेचा ठराव आमच्या विषयाशी अधिक जवळचा आहे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे, दीर्घ वेलांटीच्याच बाजूला, फक्त आखूड दांड्याची, अशी ठेवावी असे तिथे ठरले. यंत्राला वेलांटीचा निर्देशक जमत नाही, तर वेलांटीनेच जागा बदलावी! वाचकांच्या डोळ्यांना ती वेलांटी खुपली. ठराव टिकला नाही, आणि वेलांटी आपल्या जागी परतली. हा प्रसंग एरवी लिपिसुधारकांच्या फजितीचा म्हणून सांगतात. आम्हांला त्यात वाचकाचा विजय दिसतो. मजकुरात केलेली दुरुस्ती त्याला दिसली, म्हणून त्याने ती नाकारली.

चाळीस वर्षांनी हीच गोष्ट पुन्हा घडली, आणि या वेळी कोणाला दिसली नाही.

डीटीपी आले तेव्हा संगणकाला देवनागरी येत नव्हती. मग रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे चिकटवलेले फाँट तयार झाले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही नावे आमच्या पिढीला पाठ आहेत. या पद्धतीत संगणकाला मराठी कळत नसते; त्याला आकार कळतात आणि ते कोणत्या क्रमाने मांडायचे ते कळते. कृतिदेवमध्ये 'भंडारा' लिहिणे म्हणजे अर्धा भ, काना, अनुस्वार, ड, काना, र, काना असे तुकडे ओळीने ठेवणे. फाइलच्या पोटात यातले काहीच नसते. तिथे 'एच के ए एम के जे के' अशी सात रोमन अक्षरे असतात. तुमसर तालुक्यातल्या 'सिहोरा' गावाचे नाव लिहिताना आधी वेलांटी ठेवायची, मग स, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसायला हवी. म्हणजे भाषेत जे नंतर येते ते आधी लिहिले गेले, कारण यंत्राला ते हलवता येत नव्हते. लखनौच्या परिषदेने वेलांटी वाचकाच्या डोळ्यांसमोर हलवली होती. इथे ती कागदावर जागच्या जागी राहिली आणि मजकुराच्या आत हलली. छापून आलेले पान निर्दोष होते. विरोध कोण करणार?

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. भारतीय लिप्यांसाठीचा इस्की संकेत 1988 मध्ये आला आणि 1991 मध्ये राष्ट्रीय मानक झाला. त्याच वर्षी युनिकोडने त्याचाच पाया घेऊन देवनागरीला जागा दिली. दोन्हींचे तत्त्व एकच: मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवावा, 'स' आधी आणि 'इ'कार नंतर, आणि वेलांटी डावीकडे नेऊन उभी करण्याचे काम अक्षर रेखाटणाऱ्या यंत्रणेने करावे. म्हणजे निर्देशकांची जबाबदारी यंत्रावर, भाषेची भाषेवर. विंडोज 2000 मध्ये र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फाँट आला तेव्हा हे तत्त्व सामान्य माणसाच्या टेबलावर पोचले. पुस्तकांची पाने ज्या पेजमेकरवर लागत होती त्याला मात्र युनिकोड कधीच कळले नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही स्वतःवरही घेतो. साकोली-लाखनीच्या एखाद्या डीटीपी केंद्रातल्या ऑपरेटरने काय करायला हवे होते? संगणकशास्त्राची वाट पाहत बसायचे? त्याच्यासमोर कवी वही घेऊन उभा होता, संमेलन आठ दिवसांवर होते. हे खरे आहे. किंबहुना त्या ओबडधोबड फाँटांविना या जिल्ह्यातील कित्येक पुस्तके निघालीच नसती. नागपूर-पुण्याच्या छापखान्यांपर्यंत न पोचणारा लेखक तालुक्याच्या गावी छापला जाऊ लागला तो त्यांच्यामुळेच. ज्याने तोडगा काढला त्याच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या तीस वर्षांत मूळ मजकूर आणि तोडगा वेगळे करून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही याच्याशी, आणि त्या 'कोणा'त मराठीचे प्राध्यापक पहिले येतात.

कारण आपल्या भागात या प्रकाराची किंमत अधिक आहे. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, पण गोंदिया, भंडारा आणि दक्षिणेकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या काही भागापर्यंत पसरलेली झाडीबोली काही सरकारी नकाशाने दुभंगली नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने तिचे शब्द गोळा केले, कोश केला. झाडीबोलीची साहित्यसंमेलने भरू लागली, आणि त्यांच्या निमित्ताने कवितासंग्रह, दंडारींच्या संहिता, स्मरणिका असे साहित्य छापले जाऊ लागले. नेमके हेच साहित्य त्या डीटीपीच्या काळातले आहे. दोन-तीनशे प्रती निघाल्या, संपल्या, काही वाळवीने नेल्या. आम्ही अशा काही लेखकांकडून जुन्या चकत्या मागून आणल्या. फाइल उघडते, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा चिखल दिसतो.

यावर उपाय म्हणून परिवर्तकं मिळतात. एका बाजूने जुन्या फाँटातला मजकूर घातला की दुसऱ्या बाजूने युनिकोड बाहेर येते. आम्ही ती वापरली. प्रमाण मराठीतला लेख घातला तर दहा-वीस चुका निघतात आणि त्या वाचता वाचता कळतात, कारण 'पाणि' दिसले की 'पाणी' हवे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. झाडीबोलीचा मजकूर घातला की पायाखालची जमीन सरकते. या बोलीत ण नाही, ळ नाही, श-ष नाहीत. पाण्याला 'पानी' म्हणतात, डोळ्याला 'डोरा'. आता परिवर्तित मजकुरात 'न' दिसला तर तो कवीचा की यंत्राचा? र दिसला तर ती बोली की बिघाड? प्रमाणभाषेत चूक चुकीसारखी दिसते. बोलीत चूक बोलीसारखीच दिसते. याच्या उलटही होते, आणि ते अधिक वाईट: शुद्धलेखन तपासणारी यंत्रणा कवीच्या 'डोरा'खाली लाल रेघ ओढते, आणि कोणी होतकरू मुद्रितशोधक तो 'डोळा' करून टाकतो.

रूपकांचा मोह टाळावा हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, तरी एकदा तो करू. बोलीला 'अशुद्ध' म्हणणाऱ्याने शून्य दुसऱ्याच कोपऱ्यात धरलेले असते. तिथून मोजले तर वैनगंगेकाठचा प्रत्येक शब्द ठरावीक अंतराने सरकलेला दिसणारच. ळच्या जागी र, णच्या जागी न. आमच्या विद्यार्थ्याने म्हटले तसे, शिस्तीने. रूपक इथेच सोडावे, कारण छपाईयंत्राचे सरकणे दुरुस्त करायचे असते आणि बोलीचे नाही.

पीडीएफ आहे ना, असे काही सहकारी म्हणतात. पुस्तकाची पीडीएफ ठेवली म्हणजे झाले. ज्याने कधी मराठी पीडीएफमधून उतारा उचलून दुसरीकडे चिकटवला आहे त्याला याचे उत्तर ठाऊक आहे. पीडीएफ मुळात पानाचे चित्र आखते: हा आकार या निर्देशकावर, तो आकार त्या निर्देशकावर. त्यामागचा शब्द कोणता याची आठवण ती कधी ठेवते, कधी अर्धवट ठेवते, जुन्या फाँटांच्या बाबतीत ठेवतच नाही. म्हणून उचललेल्या उताऱ्यात वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या गळ्यात पडतात आणि रफार नाहीसे होतात. युनिकोडमध्येही सगळे निवांत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. फरक फक्त र कुठे आणि कसा बसतो याचा. त्या दुसऱ्या शब्दातला आडवा र संगणकात दोन वेगळ्या प्रकारे लिहिता येतो. छापल्यावर दोन्ही 'दऱ्या' एकसारख्या. शोधायला गेले की एकीला दुसरी सापडत नाही. ती विद्यार्थिनी टेबलापुढे उभी राहिली होती तशीच ही गोष्ट.

डोनाल्ड क्नुथ या गणित्याचे उदाहरण या संदर्भात आम्हांला नेहमी आठवते. 1977 मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची मुद्रिते पाहून तो इतका खिन्न झाला की अक्षरजुळणीसाठी त्याने स्वतःच टेक नावाची व्यवस्था लिहायला घेतली. तिचे शून्य कागदाच्या कोपऱ्यात नाही. ते वरून एक इंच आणि डावीकडून एक इंच आत आहे. नवख्या माणसाला हा दोष वाटतो. पण ते लिहून ठेवलेले आहे, म्हणून तो दोष न राहता संकेत झाला. ज्याला नको त्याने इंच वजा करावा. टेकमध्ये सापडलेल्या प्रत्येक चुकीची नोंद क्नुथने वर्षानुवर्षे ठेवली आणि 1989 मध्ये त्या चुकांवर निबंध छापला. आपल्या मृत्यूनंतर त्या व्यवस्थेत जे दोष उरतील ते तिची कायमची वैशिष्ट्ये समजावीत, असेही त्याने सांगून ठेवले आहे. आपल्याकडे 'रूढी' हा शब्द त्यासाठी पूर्वीपासून आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर ते नाथांचे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठ बिघडलेले पाहून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, ती शुद्ध केली, आणि आपण हे केले असे सालासकट नोंदवले. त्यांनी काय बदलले असेल याविषयी आज आपण वाद घालू शकतो. राजवाड्यांनी 1909 मध्ये नाथपूर्व प्रत म्हणून एक पाठ पुढे आणला आणि त्यावर रणे माजली, ती शक्य झाली कारण दुरुस्ती कुठे झाली हे ठाऊक होते. एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आपण लेखनिकांचे प्रमाद शिकवतो: अक्षर गळणे, ओळ दुहेरी होणे, समासातली टीप मजकुरात शिरणे. 1995 च्या कवितासंग्रहाचा लेखनिक फाँट होता आणि त्याचेही प्रमाद ठरावीक आहेत, हे मात्र आपण शिकवत नाही. ज्या विद्यार्थ्याला मोडीतला 'भ' ओळखता यावा असे आपल्याला वाटते, त्याला 'एच के' म्हणजे भ हे ओळखता येऊ नये का? झाडीबोलीच्या एखाद्या संग्रहाचे परिवर्तन करून प्रबंधाला जोडणाऱ्या विद्यार्थ्याने मूळ फाइल, फाँटचे नाव आणि परिवर्तकाने कुठे काय बदलले याची यादी सोबत द्यावी, एवढी मागणी मार्गदर्शकाने केली तर ती फार नाही. छापील प्रत अजून कुणाच्या तरी फडताळात असते. कवीही पुष्कळदा हयात असतो, आणि 'न' तुमचा की यंत्राचा हे त्याला विचारता येते. ही सवलत ज्ञानेश्वरीच्या संपादकांना नव्हती. आम्ही अशा एका कवीकडे संग्रहाची परिवर्तित प्रत घेऊन गेलो होतो. चौसष्ट पाने वाचून त्यांनी अकरा ठिकाणी खूण केली, आणि बाराव्या ठिकाणी थांबून म्हणाले, हे मी असे लिहिले नव्हते, पण असेच राहू द्या.

प्रमाणपत्रांच्या यादीतल्या रिकाम्या जागा आम्ही एका रविवारी काढून टाकल्या. पुण्याच्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. 'उणे शंभर' त्याला आठवत होते. प्रोग्रामच्या माथ्यावर त्याने आता चार ओळी लिहून दिल्या आहेत, मराठीत.

त्याआधी त्या मुलीची दुय्यम प्रत मात्र घाईत छापली होती. नाव ठिपक्यांच्या ओळीच्या किंचित वर पडले. आम्ही पुन्हा छापतो म्हणालो. तिने ते प्रमाणपत्र खिडकीच्या उजेडात धरून पाहिले, नावातली सगळी अक्षरे आहेत ना हे बोटाने तपासले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि साकोलीची गाडी चुकेल म्हणून निघून गेली.